लिफ्टचा ठराव आणि रणद्वीप पक्ष

माणसाला शत्रू लागतोच, आणि तो आपल्याच मजल्यावर राहत असेल तर धावपळ वाचते. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीने ही सोय दोन वर्षांपूर्वी सर्व सभासदांना उपलब्ध करून दिली.

तोवर आम्ही सगळे मोबाइलवर 'रणद्वीप' खेळायचो. शंभर जण विमानातून बेटावर उतरतात, एकमेकांना गोळ्या घालतात, शेवटी उरेल तो जिंकतो. मग समोरच्या दारातला सुबोध, बावीस वर्षांपासूनचा माझा मित्र, 'चकमक' खेळू लागला. त्यात पाच विरुद्ध पाच असतात, आणि गोळ्या त्याच. हा मूलभूत फरक कुठल्याही विचारी माणसाने खपवून घेण्याजोगा नाही. अठ्ठावीस बिऱ्हाडांपैकी चौदा त्याच्यामागे गेली. मी सोसायटीचा सचिव, वय अठ्ठेचाळीस, त्यामुळे रणद्वीपशी एकनिष्ठ राहिलो. (त्या खेळात मी सरासरी चार मिनिटं जगतो. त्यातली दोन विमानात जातात.)

व्हॉट्सॲप ग्रुप दोन झाले, सत्यनारायणही दोन झाले. सुबोधची मुलगी श्रुतिका बारावी पास झाली तेव्हा मी पेढा हातात घेतला, पण तत्त्व म्हणून खाल्ला नाही. (घरी येऊन खाल्ला.)

अशात लिफ्ट कायमची बंद पडली. एकोणतिसावं बिऱ्हाड श्यामसुंदरकाकांचं, चौथ्या मजल्यावर. काका एक्याऐंशीचे, गुडघे नावापुरते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जिन्यापायी दोनदा पुढे गेलं.

नव्या लिफ्टचा ठराव सुबोधने मांडला. तो चकमकवाल्याने मांडला असल्यामुळे आम्ही विरोध केला. मग तोच ठराव, तीच कंपनी, त्याच अटी मी मांडल्या. त्यांनी विरोध केला. मतं समसमान पडली की अध्यक्षांचं मत निर्णायक. अध्यक्ष श्यामसुंदरकाका, आणि लिफ्ट नसल्यामुळे ते सभेला खाली येऊ शकत नव्हते. प्रक्रियेत कुठेही दोष नव्हता. अशा पाच सभा झाल्या.

सहावी सभा काकांच्या घरी भरली. (दोन्ही पक्ष जिना वेगवेगळे चढले.) काकांनी विचारलं, या दोन खेळांत फरक काय? सुबोध आणि मी चाळीस मिनिटं समजावत होतो. दोन वर्षांत आम्ही एकत्र एवढं बोललो नव्हतो, आणि मला ते फार बरं वाटलं.

"दोन्हीत मेलेला माणूस परत उठतो ना रे?" काकांनी विचारलं.

"हो काका," सुबोध म्हणाला.

"माझं तसं नाही. मला त्याआधी नातीचं तोंड नीट बघायचंय."

मला लाज वाटली, अगदी खरी. त्याच अवस्थेत सुबोधच्या ठरावाविरुद्ध माझा हात वर गेला. पुन्हा चौदा-चौदा. काकांनी आपलं मत सुबोधच्या ठरावाला दिलं, कारण त्याचा कागद वर होता.

लिफ्ट आली. काकांचं ऑपरेशन झालं, नातही दिसली. आम्ही चौदा बिऱ्हाडांनी मात्र चकमकवाल्यांची लिफ्ट वापरायची नाही असं एकमताने ठरवलं आहे. मी तिसऱ्या मजल्यावर चालत जातो. काल काकांनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं आणि "ये रे" म्हणाले. मी व्यायामाचं कारण सांगितलं. (त्यांना आता माझा चेहरा स्पष्ट दिसतो, ही एक नवी अडचण आहे.)

आपल्याला हसू येत असेल. हरकत नाही. फक्त आपलं ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला आठवा, आणि त्याचं कारण आपल्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सांगून बघा. आपलं सांगून संपेल, आणि तो अजून ऐकत बसलेला असेल, खरं कारण पुढे येईल म्हणून.