पेंटरच्या ध्येयाची पाटी

सोमवारी सकाळी पेंटरने स्वतःच्या दुकानावरची पाटी खाली उतरवली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायला घेतला. बायको डबा घेऊन आली तेव्हा ‘येथे सर्व प्रकारच्या पाट्या रंगवून मिळतील’ यातलं फक्त ‘मिळतील’ शिल्लक होतं.

“अहो, हे काय? चांगली पाटी होती की!”

“वीस वर्षं तीच पाटी. आता तिथं माझं ध्येय येणार.”

दोष एका व्याख्यात्यांचा होता. ‘आयुष्याचं ध्येय शोधा, त्याभोवती आयुष्य आखा’ असा फलक त्यांनी गेल्या आठवड्यात रंगवून नेला होता. ऐकलेलं व्याख्यान माणूस चपला घालेपर्यंत विसरतो. पण पेंटरने ते वाक्य आधी पेन्सिलीने, मग रंगाने आणि शेवटी सावली देताना, असं तीनदा गिरवलं. ते त्याच्या अंगातच भिनलं. वर व्याख्याते जाताना सांगून गेले, “ध्येय चारचौघांना दिसेल असं लिहावं. म्हणजे माघार घेता येत नाही.”

आता धंद्याचा एक नियम असतो. आधी चौकट, मग मथळा, मग मजकूर. पेंटरने दुपारपर्यंत लाल चौकट काढली, निळ्या ठसठशीत अक्षरांत ‘आयुष्याचं ध्येय’ लिहिलं, खाली तीन ओळींसाठी दोरीने रेषा मारल्या आणि पाटी पुन्हा दारावर चढवली. मग ब्रश बुडवला आणि शिडीवर तसाच उभा राहिला. वीस वर्षांत मजकूर नेहमी गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर लिहून आणला होता. स्वतः मजकूर जुळवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

“काय लिहू गं?” त्याने वरूनच विचारलं.

“तुमचं ध्येय मला काय ठाऊक? स्वयंपाकघरातला नळ गळतोय, एवढं मला ठाऊक आहे.”

मंगळवारी समोरच्या चष्मेवाल्याने ‘सुखी राहणे’ सुचवलं. तीन ओळींच्या जागेत ते फारच तोकडं दिसत होतं. बुधवारी ‘मानवजातीची सेवा’ सुचलं. ते बसतही होतं, पण पेंटरला शेजाऱ्यांची सेवा करायचीच फारशी हौस नव्हती, मग मानवजातीचं काय घ्या! दरम्यान त्याने नवी कामं घेणं थांबवलं. न जाणो, ध्येय भलतंच निघालं तर आखलेलं आयुष्य पुन्हा खोडत बसा.

गुरुवारी एक बाई आपल्या जावयाला दंडाला धरून घेऊन आल्या.

“यांना एखादं द्या हो,” त्या म्हणाल्या. “दिवसभर पलंगावर लोळत असतात. साधंसं असलं तरी चालेल.”

“अहो, इथं पाट्या रंगवतात.”

“मग तसं लिहा की!” बाई फणकारल्या आणि जावयाला घेऊन गेल्या.

शुक्रवारी दुपारी बायको तरातरा दुकानात शिरली. “त्या नव्या दवाखान्याच्या मॅनेजरबाई आज येणार होत्या ना? चाळीस खोल्यांच्या पाट्या ठरवायला?”

“येतील की.”

“आल्यात! दोन फेऱ्या मारल्या, दुकान सापडेना, म्हणून चष्मेवाल्याकडे बसल्यात. त्यांना वाटलं, इथं कसलं तरी शिबिर भरतंय!”

यंत्रावर पाट्या छापणाऱ्यांनी एकेक करून सगळी मोठी कामं पळवली होती. हाताने रंगवायचं असं हे एकच मोठं काम बऱ्याच वर्षांनी चालून आलं होतं. पेंटर धावतच रस्ता ओलांडून गेला.

“तुमचं अक्षर मला पसंत आहे,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “पण पाच वाजता डॉक्टर स्वतः दुकान बघायला येतायत. पाटी नसलेल्या पाटीवाल्याकडे आणलं म्हणून मलाच वेड्यात काढतील. तो छपाईवाला तयारच आहे, बघा.”

साडेतीन वाजून गेले होते. सगळी पाटी पुसून नवा हात द्यायचा, तर तो वाळायलाच रात्र गेली असती. मोकळ्या होत्या त्या मथळ्याखालच्या तीन ओळी.

“जुनंच लिहा,” बायकोने शिडी धरली.

“आणि मथळा?”

“डॉक्टर लोक घाईत असतात. खालचंच वाचतील.”

पेंटरने ब्रश बुडवला. चार दिवस अडलेला हात चाळीस मिनिटांत एकदाही थांबला नाही.

डॉक्टर पाचला आले आणि घाईत मुळीच नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, मान वर केली आणि पाटी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली. “आयुष्याचं ध्येय. येथे सर्व प्रकारच्या पाट्या रंगवून मिळतील.”

पेंटर आता जमिनीकडे बघत होता. बायकोने शिडी अजून सोडली नव्हती.

“यांनाच द्या काम,” डॉक्टर मॅनेजरबाईंना म्हणाले. “आमच्याकडे निम्म्या लोकांना आपण रोज कशाला येतो, तेच माहीत नसतं.”

सगळे गेल्यावर पेंटर पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. अक्षरं सरळ आली होती, ओळी भरल्या होत्या, मथळ्याखाली मजकूर अगदी मापात बसला होता. खोटं कशाला सांगा, त्याचे डोळे भरून आले.

“सापडलं गं शेवटी!” त्याने तिथूनच ओरडून सांगितलं.

“सापडलं कसलं? सोमवारी पुसलंत तेच आहे ते,” बायको शिडी मिटत म्हणाली. “चला आता, नळ बघा.”