सव्वातीन व्होल्टचे नाना

आमच्या शेजारचे गायकवाड नाना चहाला आले की आधी आमच्या भिंतीतल्या प्लगात आपल्या व्होल्टमीटरच्या दोन काड्या खुपसतात. आकडा मनासारखा दिसला तर बसतात. नाही दिसला तर, "मास्तरीणबाई, दोनशे दहाच हाय तुमच्याकडं. फ्रिज रडत असंल बिचारा," असं सुनावून बसतात. चहा दोन्ही वेळा पितात.

नाना वीज खात्यात लाइनमन होते. निवृत्त झाले, पण मनानं अजून खांबावरच आहेत. जगातली सगळी दुखणी त्यांच्या मते एकाच कारणानं होतात. जावई तुसडा बोलला? "सप्लाय कमी पडतोय." माझ्या वर्गातली पोरं नापास झाली? "सप्लाय!" मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे सगळं ऐकायला मीच सापडते.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी येतं, तेही न सांगता. त्यामुळं प्रत्येक घरात एक माणूस नळाला बांधलेलं असतं. नानांच्या घरी ते माणूस म्हणजे शकुंतलाकाकू. सिल्लोडच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण आलं. लेकीला सासू नाही, तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "मी सव्वा महिना जाणार. पाणी तुमचं तुम्ही भरा." मग माझ्याकडं वळून, "कशाचं भरतेत? दुपारी झोपले की कानाशी ढोल बडवला तरी उठत नाय हा माणूस."

नाना पेटले. "खुशाल जा! नळच मला उठवंल."

गुलमंडीच्या बाजारातून त्यांनी एक बोटभर वायरलेस बोर्ड आणलं. नळाखाली दोन तारा, त्यांना पाणी लागलं की गल्लीतल्या सगळ्या मोबाइलवर मेसेज: पाणी आलं. प्रोग्रॅम मी लिहून दिला. पण बोर्ड मेसेज पाठवायला गेलं की मान टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

"नाना, वायफाय चालू होताना त्याला एकदम जास्त करंट लागतो," मी म्हटलं. "त्याच्या अंगावरचा बारका रेग्युलेटर पुरत नाही. मोठा रेग्युलेटर बाहेरून लावा आणि त्यातून सव्वातीनच्या जरा वर व्होल्ट थेट पिनेला द्या."

"म्हंजे सप्लायच!" नाना एवढे खूश झाले की रेग्युलेटर आणायचीही त्यांनी वाट पाहिली नाही. त्याच पिनेला थेट पाच व्होल्ट देऊन मोकळे! का, तर "जरा जास्त दिलं की जोम येतो." जोम आला, मग वास आला. बोर्ड गेलं.

दुसरं बोर्ड आलं, रेग्युलेटरही आला. मीटरवर आकडा बिलकुल बरोबर, पण बोर्डाचा दिवासुद्धा लागेना. उद्या काकू निघणार, पिशव्या दारात, आणि नाना घामाघूम. मी बघायला गेले. बोर्डाच्या ग्राउंडच्या पिनेतून एक हिरवी तार निघून काकूंच्या मोगऱ्याच्या कुंडीत शिरली होती. कुंडीत कोळसा, वर खडेमीठ, वर तांब्याभर पाणी.

"हे काय हो?"

"अर्थिंग! अर्थिंगबिगर मी कुणाच्या दाराची घंटी पण लावली नाय आजवर."

मी कपाळाला हात लावला. "अहो, ही तार रेग्युलेटरच्या ग्राउंडला जोडायची. करंट परत कुठून जाणार? मोगऱ्यातून?"

तार हलवली तसा दिवा लागला. मेसेजही गेला. मोगरा मात्र गेला तो गेलाच. काकूंनी दोन दिवसांचं बोलणं पाच मिनिटांत उरकलं, स्वतःचा नंबरही त्या यादीत घालायला लावला आणि सिल्लोडची गाडी धरली.

पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा सगळं झकास झालं. दोन दिवसांनी भरदुपारी पुन्हा मेसेज. बायका पाइप घेऊन धावल्या, तर नळ कोरडे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच झाल्यावर गल्लीनं माझ्या प्रोग्रॅमचा उद्धार केला. मी तणतणत नानांच्या मागच्या अंगणात शिरले.

नाना नळापाशी उकिडवे बसले होते. एका हातातल्या तांब्यानं त्या दोन तारांवर धार धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि नजर मोबाइलवर.

"नाना! खामखा सगळ्या गल्लीला पळवता?"

ते दचकले. "मेसेज गेला की ती फोन करती," ते हळूच म्हणाले.

"मग तुम्हीच करा ना!"

"काय म्हनून करू? कामाबिगर फोन कधी केलाच नाय आमी. अन् नुसतंच करमत नाय म्हनून सांगायचं म्हंजे..." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "घर लई शांत झालंय हो, मास्तरीणबाई."

माझ्या मनात होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या कुठल्या कुठं गेल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"हां, आलं, आलं. लई जोरात हाय. व्हय, हंडे घासले." मग माझ्याकडं पाठ करून, आवाज उतरवून, "तू जेवलीस का?"

तिकडून काकूंनी काहीतरी विचारलं. नाना गडबडले. "आवाज? आवाज येतोय की पान्याचा..."

मी बादली कोरड्या नळाखाली सरकवली, तांब्या उचलला आणि वरून, होईल तेवढा आवाज करत, पाणी ओतायला लागले.