दोन पट्ट्यांची पिन

वायरी आणि पिना या विषयावर माझ्याशी कोणी वाद घालू नये! बारीक पिन, जाड पिन, एका पट्टीची, दोन पट्ट्यांची, तीन पट्ट्यांची... टोकाकडे एक नजर टाकली की तिची जातकुळी मी सांगतो. निदान त्या रविवारपर्यंत सांगत होतो.

सासरेबुवा त्यांचं चष्म्याचं दुकान बंद करणार होते. जुनी गिऱ्हाइकं, शेजारी, नातेवाईक अशा सगळ्यांना एका छोट्या सभागृहात बोलावलं होतं. येणार नव्हता तो फक्त त्यांचा मुलगा. "तुमच्या काचेतून मला जग बघायचं नाही," असं बापाला सुनावून हा माझा मेव्हणा तीन वर्षांपूर्वी परदेशी गेला, तेव्हापासून बापलेकांत अवाक्षर नव्हतं. आता मात्र त्याने या दिवसासाठी निरोप रेकॉर्ड करून माझ्या बायकोच्या फोनवर पाठवला होता. मागे व्हायोलिन वगैरे घालून!

"मी आधी ऐकणार नाही. बाबांबरोबरच ऐकेन," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त नीट वाजवा."

"अगं, माझ्या डाव्या हाताचं काम!"

"म्हणून तर भीती वाटते."

सभागृहातल्या आवाजाच्या मिक्सरसोबत एक वायर होती. एका टोकाला फोनसाठी बारीक पिन, दुसऱ्या टोकाला फाटा फुटून दोन जाड पिना. प्रत्येकीवर एकच काळी पट्टी. एका फोनला दोन पिना? एका डोक्याला दोन टोप्या घालण्यातला प्रकार! ती वायर मी खणात टाकली आणि घरून आणलेली काढली. एकीकडे बारीक पिन, दुसरीकडे जाड, दोन्हींवर दोन-दोन पट्ट्या, वर सोनेरी मुलामा. जितक्या पट्ट्या जास्त तितका माल चांगला, हे माझं शास्त्र. आधी फोनला इअरफोन लावून "बाबा..." एवढं तपासलं. खणखणीत! मग वायर जोडली.

सासरेबुवा पहिल्या रांगेत ताठ बसले. सासूबाईंनी रुमाल हातात तयार ठेवला. मी निरोप सुरू केला.

व्हायोलिन वाजलं. झकास वाजलं. आणि वाजतच राहिलं.

"सुरुवातीचं असेल," शेजारचे काका कुजबुजले.

पण सुरुवात काही संपेना. मधूनच विहिरीच्या तळाशी कोणी उशीत तोंड खुपसून बोलावं तसं काहीतरी घुमे, आणि पुन्हा व्हायोलिन.

सासरेबुवा शांतपणे म्हणाले, "याला अजून माझ्याशी बोलायचं नाही. बरं. वाजंत्री पाठवली, हेही काही कमी नाही."

"अहो, थांबा ना जरा," सासूबाई म्हणाल्या.

"तीन वर्षं थांबलोच ना?"

मी आवाज वाढवला. व्हायोलिन रेड्यासारखं रेकलं! एका आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

"जावईबापू, काहीतरी करा!" सासूबाई ओरडल्या.

मी दिसेल ते बटण पिळलं. शेवटी वायर उपटून पुन्हा इअरफोन लावला, तर मेव्हणा चक्क बोलत होता! "मला ऐकू येतंय!" मी आनंदाने ओरडलो.

सासरेबुवा उभे राहिले. "बापाला पाठवलेला निरोप जावई एकटाच ऐकणार?"

घाईघाईने वायर परत जोडली. आवाज गुल, व्हायोलिन हजर!

"मुलाचा आवाज बरोबर गाळला हो," मागून मावशी म्हणाल्या. "दुकानाची जागा कुणाच्या घशात जाणार, ते कळलं!"

कारण मला नंतर कळलं. दोन पट्ट्यांच्या जाड पिनेतून आलेले डावा आणि उजवा आवाज तो मिक्सर एकमेकांतून वजा करतो. जे दोन्हींकडे सारखं असतं, ते नाहीसं होतं. मेव्हण्याचं बोलणं नेमकं दोन्हींकडे सारखं होतं, व्हायोलिन नव्हतं. खणातली वायर ते दोन आवाज वेगवेगळे पोचवण्यासाठीच होती. पण तेव्हा हे ज्ञान कुठलं! सासरेबुवा दारापर्यंत पोचले होते.

बायको उठली. तिने माझी सोनेरी वायर खेचून काढली, फोन टेबलावर ठेवून निरोप पहिल्यापासून लावला आणि त्याच्या तोंडाशी माइक धरला.

"बाबा, दारातून तरी ऐका."

"बाबा," मेव्हण्याचा आवाज सभागृहभर घुमला, "इथे चष्मा पुसताना रोज तुमची आठवण येते. तेव्हा फार बोललो. चुकलं माझं. पुढच्या महिन्यात येतोय. दुकान नसलं तरी तुम्ही असाल ना?"

सासरेबुवांनी चष्मा काढला. "काच खराब आहे," असं म्हणत बराच वेळ डोळेच पुसले. सासूबाईंचा रुमाल केव्हाच भिजला होता. मीही हुश्श केलं. निरोप मात्र संपला नव्हता.

"आणि बाबा, हे सगळं तुम्हाला नीट ऐकू आलं असेल, तर वायरी भावोजींनी जोडलेल्या नाहीत, हे मी इथूनच ओळखलं!"

सभागृह खो-खो हसलं. सासरेबुवा सगळ्यांत मोठ्याने. "पोरगा हुशार आहे हो!" ते दारातून परत येत म्हणाले.

तीन वर्षांनी बापलेकांचं एकमत झालं, ते माझ्याबद्दल.