शिवणाच्या तासाचं गाऱ्हाणं

मालूबाई मेलेल्या बांगड्यालाही ओरडत. मालवणच्या बाजारात मासेवालीपुढे उकिडव्या बसायच्या, एक बांगडा उचलून त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायच्या आणि म्हणायच्या, "काय रे, परवा मेलंस आणि आज ताजो म्हणान बसलंस? शरम नाय?" मासेवाली मुकाट्याने दुसरी टोपली उघडायची.

त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवत, मी शिवण. रागावल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. एसटी उशिरा आली की कंडक्टरला ओरडत आणि वेळेवर आली की "आज काय झाला तुका?" म्हणून ओरडत. मुलींवर तर विशेष लोभ. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत गप्प उभी राहिलेली मुलगी दिसली की संपलंच. "तोंड आसा मां? मगे बोल." हे वाक्य आमच्या शाळेत घंटेपेक्षा जास्त ऐकू येई.

पण मुलींनी बोलावं असं गावात वाटत होतं कोणाला? विज्ञानाच्या पुस्तकात माणसाच्या प्रजननाचं एक प्रकरण होतं. ते वर्गात शिकवायचं नाही, 'घरी वाचून या' म्हणायचं, असा हेडमास्तरांचा नियम. घरी म्हणजे कुठे, चुलीपाशी? घरात पाळीचं नाव काढायची सोय नव्हती. कावळा शिवला म्हणायचं आणि पोरीला पडवीत बसवायचं. त्याच पोरीचं सोळाव्या वर्षी लग्न ठरवताना मात्र एकाचीही जीभ अडखळत नसे. मला याचा आजही संताप येतो आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्याकडे घरटी एक पुरुष मुंबईला, नाहीतर बोटीवर. वाडीतला असाच एक तरुण मुंबईहून वाळून परत आला आणि थोड्याच दिवसांत गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी एड्स म्हणून सांगितलं होतं. गावाने करणी म्हटलं, देवाला कोंबडा दिला आणि त्याच्या बायकोचं ताट गोठ्यात नेऊन ठेवलं. ती आमच्याच शाळेत शिकलेली पोर. मालूबाई तिच्या घरी गेल्या, गोठ्यात तिच्या शेजारी बसून तिच्याच ताटात जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"तुझो शिवणाचो तास माका दी."

शिवणाच्या तासाला फक्त मुली असत आणि पुरुषमाणूस त्या खोलीकडे फिरकत नसे. बेत चांगला होता, पण मुली काही दाद देईनात. बाईंनी सांगून पाहिलं, फळ्यावर काढून पाहिलं, विचारून पाहिलं, ओरडून तर पाहिलंच. एक मान वर होईना. दहावीतली सुमन लाजेने इतकी वाकली की झबल्याला घालायचा टाका तिने स्वतःच्या परकराला घातला.

एके दिवशी बाई बोलता बोलता थांबल्या. मला वाटलं, आता छडी येणार. त्यांनी पदर खोचला, हात जोडले, डोळे मिटले आणि देवळातल्या मानकऱ्याच्या खर्जात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..."

आमच्याकडे गाऱ्हाणं घालायचं म्हणजे एकाने देवापुढे मागणं सांगायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आमची पोरं ते चालायच्या आधी शिकतात. मुलींचे हात आपोआप जोडले गेले.

"दर म्हयन्याक आमका येता तो कावळो नाय, इटाळ नाय, ता आमच्या आंगाचा काम आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एका ताटात जेवल्यान, हात लायल्यान तो नवो रोग होणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो रोग रगतातसून आणि बायल-घोवाच्या संबंधातसून येता. म्हणान निरोध वापरूची बुद्धी घोवाक दी, आणि घोवान नाय म्हटल्यान तर आमका तोंड दी म्हाराजा!"

इथे आवाज जरा बसला. पण 'व्हय' आलंच. देवाला नाही कसं म्हणणार?

त्यानंतर बाई एकेका मुलीलाच गाऱ्हाणं घालायला लावू लागल्या. एरवी जे प्रश्न विचारताना पोरींनी जीव दिला असता, ते त्या देवाच्या नावाने खणखणीत विचारू लागल्या. सुमनचा आवाज सगळ्यांत मोठा निघाला.

तोच आवाज एकदा व्हरांड्यातून जाणाऱ्या हेडमास्तरांनी ऐकला. आत पूजा चाललीय असं समजून त्यांनी चपला काढल्या आणि दाराबाहेर हात जोडून उभे राहिले. एकदोनदा 'व्हय म्हाराजा' म्हणालेसुद्धा. मग 'निरोध' ऐकू आलं.

"बाई, हा काय प्रकार आहे? मुलींसमोर असले शब्द?"

"शब्द पुस्तकातले आहेत सर," बाई म्हणाल्या. "तुम्हीच घरी वाचायला सांगता. तुम्ही वाचलेत का?"

सोमवारपासून शिवणाचा तास बंद झाला आणि मुलींना मैदानावर कवायत लागली. एड्स दारात आलेला, आणि आमच्या पोरी उन्हात दाये-बाये करत होत्या. मग रविवारी माझ्या ओटीवर शिवणाचा वर्ग सुरू झाला. तिथे येणाऱ्या पोरींना कोण अडवणार?

त्याच सुमारास सुमनचं लग्न ठरलं. नवरामुलगा बोटीवर नोकरीला, पगार चांगला. मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर होती. साखरपुड्याला आम्ही दोघी गेलो आणि माजघराच्या दाराशी बायकांत बसलो. गावचे मानकरी तात्या गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मंडळींनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. तात्यांनी कुळाचं झालं, मुळाचं झालं, लक्ष्मीनारायणाचा जोडा सुखात ठेव म्हणून झालं, आणि मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. त्या खंडात सुमनचा आवाज उठला.

"आणि म्हाराजा, मुंबयत रगताची तपासणी होता. ती करून नवरो बरो आसा ह्या कळल्याशिवाय ह्या लगीन होवचा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी बैठक म्हणाली. तिचा बाप म्हणाला, तात्या खोकत खोकत म्हणाले, मुलाचा काकासुद्धा म्हणाला. मग एकेक डोळा उघडला.

काकाने टोपी घातली. मुलाला घेऊन तो मिळाली त्या गाडीने निघून गेला. मुलगा आजारी होता की ठणठणीत, ते आजवर कोणाला कळलेलं नाही. विचारलं, हाच त्यांचा अपमान. गाऱ्हाणं मागे घ्या म्हणून सुमनचा बाप तात्यांच्या विनवण्या करू लागला, तर तात्या म्हणाले, "देवाक व्हय म्हटलंव. आता माघार खंयची?" तेव्हा तो बाप मालूबाईंवर उलटला. भर अंगणात त्याने त्यांना वांझ म्हटलं, आणि आणखी जे म्हटलं ते मी लिहीत नाही. आणि मालूबाई, ज्या बांगड्याचंही ऐकून घेत नसत, त्या खाली मान घालून बाहेर पडल्या.

"बाई, उलटून बोललात का नाही?" वाटेत मी विचारलं. मलाच राग आवरत नव्हता.

त्या लवकर विधवा झाल्या, एवढंच गावाला ठाऊक होतं.

"माझो घोव पण बोटीर होतो," त्या म्हणाल्या. "तेचो रोग येगळो, तो माकाय लागलो. तेका तेवा औषध होता. पण माका कोणी सांगाक नाय. पोर होवचा नाय म्हणान डॉक्टरान सांगल्यान, तेवा कळला." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "माझ्या साखरपुड्याकय गाऱ्हाणा घातलेला. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. मियांय म्हटलंय."



दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी होते, तेव्हा सुमन आली. घरात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, जेवायला हाक मारत नव्हतं. दारातच उभी राहून ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, आता 'तोंड आसा मां'.

बाईंनी तिला आत घेतलं, आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतःचंच ताट मध्ये ओढलं. बांगड्याचा मधला काटा काढला. मग बारीक काटे बोटांनी चाचपून वेगळे केले, दात येणाऱ्या पोरासाठी आई काढते तसे, आणि घास तिच्या तोंडाशी धरला. सुमन रडत रडत जेवली. बाई काटे काढत राहिल्या. त्या दिवशी त्या कोणालाच ओरडल्या नाहीत, बांगड्यालासुद्धा नाही.