बत्तीस लाद्या आणि सहावा रकाना

"या वेळची निवड कागदावर नाही, बर्फावर होणार!" असं मुकुंदराव बिडकरांनी जाहीर केलं तेव्हा औरंगाबादेत पारा एकेचाळीसवर होता आणि त्यांच्या घरातला फ्रिज तीन दिवसांपासून बंद होता.

सत्त्याऐंशी सालच्या एप्रिलमधली ही गोष्ट. मुकुंदराव एका कॉलेजात क्रीडा शिक्षक. दिल्लीच्या कुठल्याशा नव्या मंडळाचं त्यांच्या नावे पत्र आलं होतं. महिलांच्या राष्ट्रीय बर्फ-हॉकी विकास संघासाठी प्रत्येक विभागातून एक मुलगी आणि एक राखीव पाठवा. वय अठरा ते बावीस, कॉलेजची विद्यार्थिनी, बर्फावर तोल सांभाळता येणं आवश्यक. डिसेंबरात शिमल्याला शिबिर, स्केट्स तिथं मिळतील. शिबिर पुरं करणारीला प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र म्हणजे काय हे आपल्याकडे सांगायला लागत नाही. खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी!

"मराठवाड्यात बर्फ कुठला हो?" अनसूयाबाईंनी बंद फ्रिजचं दार लाथेनं लावत विचारलं. "गोळ्याच्या गाडीवर दिसतो तेवढाच."

"तीच तर गंमत आहे!" मुकुंदराव उठून उभे राहिले. घरात भाषण करायचं असलं की ते उभे राहत. "अकरा वर्षं मी निवड करतोय. मैदानावर मी एक मुलगी निवडतो, यादीत छापून दुसरीच येते. गेल्या साली पायाला प्लास्टर घातलेली मुलगी धावण्याच्या संघात गेली! पण बर्फ वशिला ओळखत नाही, अनसूया. अध्यक्षांची भाची असो नाहीतर कलेक्टरची, बर्फावर प्रत्येकीचं बूड सारखंच आपटतं!"

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी निवड करणार. काठावरून."

काठ ही मुकुंदरावांची खास जागा होती. नामांतराचा प्रश्न पेटून नऊ वर्षं झाली होती. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून मोर्चा निघाला की मुकुंदराव गुलमंडीच्या कोपऱ्यावर पानाच्या टपरीशी उभे. देऊ नका म्हणणाऱ्यांचा निघाला तरी तिथंच उभे. त्यांचं मत काय हे नऊ वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. ते कलकत्ता पान खातात एवढं मात्र दोन्ही बाजूंना माहीत होतं. अठ्ठ्याहत्तर साली खेड्यापाड्यांत माणसांची घरं जळत होती, तेव्हा मुकुंदरावांनीही एक गोष्ट केली. दारावरच्या पाटीवर 'एम. ए. (मराठवाडा)' असं होतं, त्यातला कंस ब्लेडनं खरवडून काढला! तो पांढरा ओरखडा अजून तसाच होता. पोस्टमन त्या खुणेवरूनच घर ओळखायचा.

असो. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत साहेबराव म्हणून एकांचा बर्फाचा कारखाना होता. मुकुंदराव जाऊन म्हणाले, "तुमच्या अंगणात राष्ट्रीय निवड होणार!" साहेबरावांना हॉकी ठाऊक नव्हती, पण पेपरात फोटो येतो हे ठाऊक होतं. त्यांनी बत्तीस लाद्या मंजूर केल्या.

तारीख ठरली सोमवार. सोमवारी नामांतरवाद्यांचा बंद! शुक्रवार ठरला. शुक्रवारी विरोधकांचा बंद! मुकुंदरावांनी दोन्ही दिवस दार लावून घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना खिडकीतून "खरंय तुमचं" असं सांगितलं. अखेर मंगळवारी सकाळी शेडमध्ये भुसा पसरून त्यावर लाद्या मांडल्या गेल्या. चारच्या आठ रांगा. पण मैदान म्हणून दोन लग्नांच्या पंगती बसतील एवढी जागा मुकुंदरावांच्या मनात होती. प्रत्यक्षात नवरानवरी आणि भटजी तेवढे मावले असते.

"जल्दी करो साब," कारखान्याचा मिस्त्री म्हणाला. "बरफ किसीकी राह नई देखती. पाऊण घंटा, बस."

दोन्ही टोकांना गोलपोस्ट म्हणून बर्फाचे ठोकळे आणि चकती म्हणून बूट पॉलिशची रिकामी डबी होती. उमेदवार नऊ. आठ जणींच्या हातात शिफारशीच्या चिठ्ठ्या होत्या. नववी, निवड समितीचे अध्यक्ष सदाशिवराव यांची भाची मीनाक्षी. तिच्या हातात थर्मास होता. ती पुण्याला शिकत होती आणि सुट्टीला मामाकडे आली होती.

"मुकुंदराव, मी एक शब्दसुद्धा टाकणार नाही हं," खुर्चीत बसत सदाशिवराव म्हणाले. "तुम्ही तुमच्या मनासारखं करा." अध्यक्षांनी असं म्हटलं की यादी बदलणार हे मुकुंदरावांना नेहमी कळायचं. आज फिकीर नव्हती. आज त्यांच्या बाजूनं बत्तीस लाद्या होत्या!

पहिली मुलगी गेली ती स्टिकसकट पलीकडच्या भिंतीला भेटली. दुसरी तिला उठवायला गेली आणि दोघी भुशात! तिसरी रांगत गेली नि रांगत आली. चौथीनं शिट्टी ऐकताच रडायला सुरुवात केली. पाचवीनं मुकुंदरावांचा शर्ट धरला, तो खिशापासून टर्रकन फाटला. मीनाक्षी लादीवर रुमाल पसरून बसली आणि थर्मासमधून चहा पिऊ लागली. तेवढ्यात अध्यक्षांना तहान लागली. साहेबरावांनी सरबत मागवलं आणि डावीकडचा गोलपोस्ट फोडून त्यांच्या ग्लासात गेला!

मुकुंदराव घामानं आणि आनंदानं भिजले होते. सगळ्यांचं बूड सारखंच आपटत होतं. आता निवडायचं कोणाला, हा प्रश्न त्यांना अजून पडला नव्हता.

"सर, बाजूला व्हा. पोरगी कुडकुडाया लागली."

पायाला गोणपाट गुंडाळलेली एक मुलगी, हातात लाद्या ओढायचा लोखंडी आकडा, लाद्यांवरून अशी आली की जणू शहागंजच्या बाजारातून भाजी घेऊन निघालीय! एका हातानं तिनं पडलेलीला उचललं, दुसरीला आकड्यानं पदराला धरून काठावर आणलं, आणि वाटेत आलेली पॉलिशची डबी आकड्यानं अशी टोलवली की ती उरलेल्या गोलपोस्टमधून जाऊन सदाशिवरावांच्या सरबतात पडली.

"तू कोण गं?" मुकुंदराव ओरडले.

"बाना. बाना मल्हारी. मुकुंदवाडीची."

"इथं काय करतेस?"

"रोजंदारीनं लाद्या वढते, दुपारपासून. आज तुमच्यापायी सकाळीच बोलावलं."

"आणि सकाळी?"

"सकाळी तुमच्याच कालेजात असते की सर. बीए फस्ट इयर. तुमच्या पीटीला वर्स झालं, रोज हजर म्हनते."

मुकुंदराव जरा ओशाळले. मग त्यांनी तिच्या हातात स्टिक दिली. अर्ध्या लाद्या वितळेपर्यंत बाना घसरली नाही. ती हवं तेव्हा घसरायची आणि हवं तिथं थांबायची. लहानपणी बापामागं मेंढरं घेऊन डोंगर तुडवले होते आणि दोन वर्षं बर्फावर काढली होती. शिमल्याला याहून वेगळं काय असणार?

मुकुंदरावांनी तिथंच निकाल सांगितला. निवड, बाना मल्हारी. राखीव... इथं त्यांची नजर सदाशिवरावांच्या ग्लासातल्या डबीवर गेली. अध्यक्ष एक शब्दही टाकत नव्हते. फारच जोरात टाकत नव्हते.

"राखीव, मीनाक्षी. तोल चांगला आहे. बसून एकदाही पडली नाही."

दुसऱ्या दिवशी बाना बापाला घेऊन कॉलेजात आली. मल्हारी दाराबाहेरच पायताण काढून उभा राहिला. "सर, लासूर स्टेशनची सोयरीक आलीय. पोरगं बरं हाय. पन ही म्हनती, नोकरी लागंल. म्या म्हनलं, दिल्लीचा कागुद आला तर थांबतो. न्हाय आला तर जेठातली शेवटची तीथ धरतो. येईल ना हो कागुद?"

"माझ्यावर सोडा!" मुकुंदराव म्हणाले. "मी स्वतः फॉर्म भरून घेतो."

बानानं फॉर्म भरला. नाव, वय, पत्ता, उंची, कॉलेज. सहावा रकाना होता विद्यापीठाचं नाव. तिनं बाबासाहेबांचं पूर्ण नाव लिहून पुढं विद्यापीठ असं लिहिलं. रकाना पुरला नाही, म्हणून शेवटचे दोन शब्द खाली घेतले.

मुकुंदरावांनी आधी दार लावलं. "अगं, हे काय? अजून झालं नाही नामांतर!"

"व्हईल की."

"समितीत सगळ्या मताचे लोक आहेत! कोणी बघितलं तर?"

"माझ्या बाकावरची मैतरीन हेच लिवती सर. तिचं घर जाळलं तवा ती दहा वर्सांची व्हती. तरी लिवती. मी का सोडू?"

"पण सरकारी नाव ते नाही ना!"

बानानं थोडा विचार केला. "मंग जुनं लिवा. सरकारी हाय ते लिवा. पन काय तरी लिवा सर, म्हंजे कागुद येईल."

"तू जा. मी बघतो."

आणि मुकुंदरावांनी बघितलं. ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि अक्षरं खरवडून काढली. कागद फाटला नाही, पाटीवर हात बसलेला होता! मग जुनं नाव लिहायला पेन टेकवलं, तोच कचरू आत आला. कचरू म्हणजे जावक टपाल सांभाळणारा कारकून. त्याचा भाऊ नामांतराच्या मोर्चात जेलमध्ये जाऊन आला होता. कचरू काही बोलला नसता. त्यानं फक्त बघितलं असतं. मुकुंदराव त्या बघण्याला घाबरले.

"सर, टपाल द्यायचंय?"

"दोन मिनिटं, कचरू."

बाबासाहेबांचं नाव ठेवलं तर अध्यक्ष बघणार. जुनं लिहिलं तर कचरू बघणार. मुकुंदरावांनी पट्टी घेतली आणि सहाव्या रकान्यात एक सुंदर, सरळ, काळ्या शाईची रेघ ओढली. कोणाच्याच बाजूची नाही! पाकीट स्वतः चिकटवलं आणि त्या दिवशी दोन पानं खाल्ली.

जूनमध्ये दिल्लीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, 'निवड: मीनाक्षी.'

मुकुंदरावांनी तार ऑफिसातून ट्रंक कॉल लावला. अर्ध्या तासानं दिल्ली मिळाली.

"बाना मल्हारी? हाँ जी, देखिए, छह नंबर में डैश है। डैश मतलब लागू नहीं। मतलब लड़की किसी यूनिवर्सिटी में है ही नहीं। तो रिज़र्ववाली को ले लिया।"

"अहो, पण है! यूनिवर्सिटी है! नाम का जरा झगडा है!"

"तो कोई भी नाम लिख देते, भाईसाहब! हमें यहाँ क्या मालूम आपका झगड़ा?"

मीनाक्षीच्या सहाव्या रकान्यात 'पुणे' असं स्वच्छ लिहिलं होतं. पुण्याच्या नावाबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती.

मुकुंदराव घरी पोचले तर दारात सदाशिवराव, हातात पेढ्यांचा पुडा! "वा मुकुंदराव, वा! मी शब्दसुद्धा टाकला नव्हता, तरी तुम्ही केलंत! दिल्लीहून कळलं मला. आजवर आम्ही याद्या बदलायचो, नावं खोडायचो. तुम्ही नुसत्या एका रेघेत! असा कसबी माणूस अकरा वर्षं माझ्या समितीत होता आणि मला पत्ता नाही!"

"अहो, मी ते मुद्दाम..."

"बोलायचंच नाही! हीच तर खुबी आहे!" अध्यक्षांनी डोळा मारला आणि त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. मुकुंदरावांना सांगायचं होतं ते पेढ्यामागं अडकलं. पेढा खाली गेला, तोवर अध्यक्षही गेले होते.

"बर्फ वशिला ओळखत नाही म्हणाला होतात ना?" अनसूयाबाई म्हणाल्या. "कागद ओळखतो वाटतं." आणि पुडा तसाच कामवालीला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी मुकुंदराव कारखान्यात गेले. निदान तोंडानं सांगावं, एवढी लाज शिल्लक होती. बाना शेडच्या टोकाला लादी ओढत होती. हाक मारावी म्हणून ते दोन पावलं पुढं गेले. आयुष्यात पहिल्यांदा काठ सोडून! पुढच्या क्षणी त्यांना शेडचं पत्र्याचं छप्पर दिसलं.

बाना आली. पायाला तेच गोणपाट. तिनं त्यांना खांद्याखाली धरून उचललं, एप्रिलमध्ये त्या मुलींना उचललं होतं तसंच, आणि भुशाच्या पोत्यावर बसवलं. उजवं मनगट लोंबत होतं.

"कागुद आला ना सर?"

"आला. तुझं... फॉर्म अपुरा निघाला."

"काय राह्यलं व्हतं?"

"विद्यापीठाचं नाव."

बाना त्यांच्याकडे बघत राहिली. कचरूनं बघितलं असतं तसंच. "मी तर लिवलं व्हतं," ती म्हणाली. मग आकडा भिंतीला टेकवून तिनं आपल्या डोक्याचा रुमाल सोडला आणि त्यांच्या मनगटाला गच्च बांधला. "हात हलवू नका. मिस्त्रीला रिक्षा बोलवाया सांगते. मला अजून बारा लाद्या वढायच्यात. परवापासून येनार नाय मी. लासूरला जायचंय."

मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. कॉलेज उघडल्यावर मुकुंदरावांनी सहा आठवड्यांच्या रजेचा अर्ज आणवला. कचरूच घेऊन आला. नाव, हुद्दा, किती दिवस. चौथा रकाना होता, 'दुखापत कशी व कोठे झाली?'

मुकुंदरावांनी रकाना दोनदा वाचला. कचरू त्यांच्याकडे बघत उभा होता. मग त्यांनी डाव्या हातात पेन धरलं आणि एक रेघ ओढली. जरा वाकडी आली.

रजा त्याच दिवशी मंजूर झाली.