सोमवारी न लागणारा ट्रक

गेली तेवीस वर्षं मी अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात 'विद्युतधारा' हा धडा शिकवतो आहे. वीज आणि मी, आमच्यात आता कुठलंही गुपित उरलेलं नाही. घरातला मिक्सर बंद पडला की माणूस बोलवावा लागतो, ते वेगळं. ते प्रात्यक्षिक झालं. मी थिअरीचा माणूस आहे.

म्हणूनच आमचा नवा ट्रक पहिल्यांदा चालू झाला नाही, तेव्हा मी चक्क हसलो.

"आठ महिन्यांची गाडी! तार सैल झाली असेल," मी म्हणालो, आणि पाना घेऊन बॅटरीची तार आवळली. चावी फिरवली. गाडी 'टिक्' म्हणाली. मी आणखी आवळली. मग गाडी 'टिक्'ही म्हणेना.

हा ट्रक छोटा, पांढरा आणि तीन मालकांचा. एक मी, दुसरी माझी बायको साधना आणि तिसरा तिचा धाकटा भाऊ वसंत, जो अकोल्यात वकिली करतो. शेंदूरजनाघाटहून संत्री भरायची आणि अकोल्याच्या बाजारात उतरवायची, असा धंदा. चालवायला पंजाबराव. वय पंचावन्न. आधी चौदा वर्षं धारणीकडे जीप चालवलेला माणूस, म्हणजे जिथं खड्डे रस्त्याहून जुने आहेत तिथला. शनिवारी दुपारी तो गाडी आमच्या अंगणात लावून चावी साधनाच्या हातात द्यायचा आणि सोमवारी सकाळी येऊन गाडी काढायचा.

फक्त सोमवारी ती निघायची नाही!

पहिल्या सोमवारी शेजारच्या चौघांनी धक्का मारला. दुसऱ्या सोमवारी दोघांनी. तिसऱ्या सोमवारी आमच्या गल्लीतले सगळे पुरुष नेमके साडेसहाला आंघोळीला बसले होते. चावी फिरवली की मीटरवरचे झाडून सगळे दिवे एकदम लागायचे, जणू ट्रकचं लग्न आहे. मग वायपर काचेच्या मध्यावर येऊन विचारात पडायचे. दरवाज्यांची कुलपं आपल्या मनानं खटखट वाजायची. आणि मग सगळं शांत.

"सर, हिले काहीतरी लागलं," पंजाबराव म्हणाला.

"लागत-बिगत काही नसतं. व्होल्टेज उतरलंय."

"थेच म्हनतो मी. पन उतरवून कोन राहिलं?"

या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हतं.

कंपनीच्या वर्कशॉपनं गाडी तीन दिवस ठेवून घेतली. तीनही दिवस ती तिथं पहिल्या सेल्फला लागली! त्यांनी तरीही नवी बॅटरी बसवली, 'सॉफ्टवेअर अपडेट मारलं' आणि गाडी धुऊन परत दिली. अपडेट झालेली, धुतलेली, नव्या बॅटरीची गाडी पुढच्या सोमवारी आमच्या अंगणात म्हशीसारखी बसली.

वसंताचा फोन आला. "भाऊजी, विचार करा. गाडी नवी. बॅटरी नवी. मग जुनं काय उरलं?"

"काय?"

"ड्रायव्हर!"

वकील माणसाचा युक्तिवाद ऐकताना नेहमी पटतो, नंतर पटत नाही, पण नंतर फोन ठेवलेला असतो. वसंताचं म्हणणं असं की पंजाबराव बॅटरीचा काहीतरी 'कार्यक्रम' करतो. काय करतो, ते त्यालाही सांगता येईना. पण एवढं ठरलं, की अजून दोन सोमवार बघायचे. दोन्ही सोमवारी गाडी लागली नाही, तर पंजाबरावची नोकरी संपली.

ही बातमी त्याला देण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शिक्षक आहे आणि मला समजावून सांगता येतं. त्यानं ऐकून घेतलं. गळ्यातला दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा घातला.

"चौदा वर्स जीप चालवली, सर. बॅटरी सुतळीनं बांधेल होती. एक दिवस कोनाले धक्का मारू नाही देल्ला. माह्या बायकोनं, इंदूबाईनं, साऱ्या वस्तीत सांगतलं, का बुड्याले नवा ट्रक भेटला. आता तिनं काय सांगावं? का बुडा बॅटरी खाते?"

मला वाईट वाटलं. मी म्हणालो, "आपण चांगला इलेक्ट्रिशियन बोलवू." वाईट वाटल्यावर माणूस दुसऱ्याला कामाला लावतो.

पिंटू इलेक्ट्रिशियन पन्नाशीचा आहे, डोक्याला केस नाहीत, पण नाव बदलायचं राहून गेलं. त्याला रविवारी दहाची वेळ दिली. मी पहाटे साडेपाचलाच उठून गाडीपाशी गेलो. कशाला, ते सांगतो. आठ वाजता अकोल्याहून वसंत मोटरसायकलवर येऊन उभा राहिला. म्हणे, सहज आलो! आणि चहा घ्यायच्या आधी बोनेट उघडून आत डोकं घालून बसला. "पाणी बघतो," म्हणाला. नऊ वाजता साधना हळदीकुंकवाचं ताट घेऊन गाडीत चढली आणि पंधरा मिनिटं उतरलीच नाही. भागीदार असावेत तर असे, मला भरून आलं.

दहाला पिंटूनं मीटर लावला. बघितला. मीटरला टिचक्या मारून पुन्हा बघितला.

"सर, गाडी बंद असताना ही काहीच खाऊन नाही राहिली. कडक उपास! मग बॅटरी उतरते काहून?"

"तेच तर विचारतोय!"

"मलेही तेच विचारायचं होतं."

आता एक गोष्ट, जी मी पिंटूला सांगितली नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही साधनाला ओळखत नाही. दसऱ्यानंतर मी ड्रायव्हरच्या सीटखाली एक छोटं यंत्र बसवलं होतं. गाडी कुठं आहे ते मोबाइलवर दाखवणारं. पंजाबराव भला माणूस, पण भला माणूस वरूडच्या रस्त्यावर चहाला किती वेळ थांबतो, एवढं माहीत असलेलं बरं. चावीवर जोडलं तर गाडी बंद असताना कळणार कसं? म्हणून थेट बॅटरीवर जोडलं. मी स्वतः! प्रात्यक्षिक! मात्र घरात कोणाला बोललो नाही. ड्रायव्हरवर पाळत ठेवणं हे काही शिक्षकाला शोभणारं नाही. त्यामुळे तपासणी असली की मी ते आधी काढून ठेवायचो आणि नंतर पुन्हा लावायचो.

तुम्ही म्हणाल, मास्तर, मग चोर तुम्हीच! थांबा. हा विचार मलाही शिवला. म्हणून त्या रविवारी पिंटू गेल्यावर मी यंत्र लावलंच नाही, टेबलाच्या खणात ठेवलं. सोमवारी गाडी लागते का बघू.

नाही लागली!

विज्ञानात यापेक्षा स्वच्छ पुरावा नसतो. माझं यंत्र निर्दोष. मी ते हलक्या मनानं पुन्हा सीटखाली जोडलं.

पण मग डोकं पार भंजाळलं. मी फळ्यावर ओहमचा नियम लिहिता लिहिता थांबायला लागलो. बारावीच्या पोरींना वाटलं, सरांना बरं नाही. संत्र्याच्या आंबटपणानं तारा गंजतात का, हे मी केमिस्ट्रीच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ट्रक संत्री वाहतो की पितो?" एके दिवशी साधना स्वयंपाक करता करता स्वतःशीच पुटपुटली, "पण मग कसं शक्य आहे?" मी विचारलं, काय? ती म्हणाली, "काही नाही, फोडणी." वसंत फोनवर म्हणाला, "भाऊजी, शंभर टक्के ड्रायव्हरच. माझ्याकडे तसा पुरावा आहे." कसला, विचारलं तर फोन कट.

दुसरा सोमवारही कोरडा गेला. पंजाबरावला निरोप गेला, की रविवारी चारला या, बोलायचं आहे. आम्ही तिघं व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसलो. वसंतानं तर काळा कोट तेवढा घातला नव्हता, बाकी सगळा चेहरा कोर्टातला.

चारला पंजाबराव आला. सोबत पिंटू! खांद्यावर पिशवी, हातात मीटर.

"आज कशाला?" मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला बारीक वाटला.

"सर, मी दोन हप्ते विचार करून राहिलो," पंजाबराव म्हणाला. "वर्कशॉपात गाडी लागते. पिंटूभाऊ सांगून येते तवा बी चांगली असते. मंजे गाडीले आधीच मालूम पडते का कोन येऊन राहिलं? म्हनून आज न सांगता आनला."

"पाच मिनिटं थांबा!" आम्ही तिघंही उठलो. तिघंही. एकाच वेळी.

"तुम्ही कुठं?" साधनानं मला विचारलं.

"तू कुठं?"

"मी... कुंकू लावायचं राहिलं."

"मी पाणी बघतो," वसंत म्हणाला.

तोवर पिंटूनं बोनेट उघडून मीटर लावलाही होता. "अरे बापरे! चावी खिशात, दिवे बंद, अन् ही तर जेवाले बसली! सव्वा अँपिअर!" त्यानं एक तार बोटानं चाचपत सीटखालपर्यंत नेली आणि पकडीनं कट्कन तोडली.

माझ्या खिशातला मोबाइल किंचाळला! 'वीजपुरवठा खंडित! वाहन चोरीची शक्यता!'

साधनानं माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या वेळचे साक्षीदार जिवंत असते तर त्यांनाही घाम फुटला असता.

"अजून आठशे मिलीअँपिअर उरले," पिंटू म्हणाला. फ्यूजच्या डब्यामागून दुसरी तार निघाली. कट्.

वसंताच्या शर्टात सायरन वाजला!

"ताई, मी तुला सांगणारच होतो..."

"लाज नाही वाटत तुम्हा दोघांना?" साधना कडाडली. "आपल्या माणसावर असा अविश्वास? इतका भला माणूस..."

पिंटूनं काचेवरचं प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण उचललं. मधल्या फुलात एक काळा डोळा होता. कॅमेरा. त्याची तार. कट्.

स्वयंपाकघरात ओट्यावर साधनाचा मोबाइल ओरडायला लागला. बराच वेळ ओरडत राहिला, कारण आत जायला कोणी हलेना.

हळूहळू उलगडा झाला. तपासणी असली की तिघंही आपापलं काढत होतो. तिघांनीही एकेका रविवारी आपलं काढून 'पुरावा' मिळवला होता. कारण एक काढलं तरी उरलेली दोन बॅटरी चाटूनपुसून खायला पुरेशी होती. वसंताकडचा तो पुरावा म्हणजे हाच.

पंजाबराव झेंडूच्या फुलाकडे निरखून बघत होता.

"बाई, मंजे मी गाडीत गानं म्हनतो, थे बी दिसलं का तुमाले?"

"चांगलं म्हणता हो," साधना खाली बघत म्हणाली.

"चोरी दिसली का?"

वसंत वाजून थांबलेला मोबाइल पुन्हा बंद करायला लागला.

"पंजाबराव, झालं गेलं..." मी सुरू केलं. "तुमची नोकरी पक्की. उद्यापासून..."

"उद्यापासून सेमाडोहले जाऊन राहिलो, सर. वाघ पाहाले येनाऱ्यायची जिप्सी आहे, चालवाले मानूस पाहिजे म्हनत होते. मी हो म्हनलं." त्यानं स्वतःजवळची जादा चावी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "तिथं ठिकाना दाखवनारा पट्टा वाघाले लावते. ड्रायव्हरले नाही."

दुपट्टा झटकून तो गेला. पिंटूही पंजाबरावच्याच मोटरसायकलवर मागं बसून गेला.

तेव्हापासून गाडी रोज पहिल्या सेल्फला लागते. सोमवारीसुद्धा. सकाळी साडेसहाला मी स्वतः बसतो, चावी फिरवतो, दोन मिनिटं इंजिन ऐकतो आणि बंद करून उतरतो. माझ्याकडे लायसन्स स्कूटरचं आहे.