खुर्चीची पालखी

माणुसकी ही कायद्याहून फार मोठी असते. मुख्य म्हणजे तिला टेंडर लागत नाही.

आंबेनळी घाटाच्या वाटेवरल्या एका ग्रामपंचायतीनं हे सत्य पोलादपूर तालुक्यात सर्वांत आधी ओळखलं. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. बाकीच्या गावांना उगाच कमीपणा वाटायचा.) या पंचायतीत दीपेश नावाचा नवा लिपिक रुजू झाला. पोरगा बिरवाडीत राहून कॉम्प्युटर शिकून आलेला. दोन्ही पाय लहानपणापासून अधू, पण चाकाची खुर्ची स्वतःच्या हातानं अशी पळवायचा की कोंबड्या बाजूला व्हायच्या. नोकरी सहा महिने परीक्षेवर होती, काम बघून मग कायम व्हायची. सकाळी दहाच्या आत हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावायचा, नाहीतर घरी बसायचं. यंत्र वर, दीपेश खाली आणि मधे पायऱ्या.

दिव्यांगांच्या कायद्यात अशा ठिकाणी रॅम्प सांगितलाय. सरपंच गोमाजींनी रीतसर पाहणी केली. कार्यालयात हजर असलेल्या शंभर टक्के लोकांना रॅम्पची गरज नाही, असं तीत आढळलं. (ज्याला गरज होती तो पायऱ्यांखाली असल्यामुळे पाहणीला हजर राहू शकला नाही.)

"सिमेंटला मन असतं काय?" गोमाजी ग्रामसभेत गरजले. "आपल्या पोराला आपण खांद्यावरनं आणू!" टाळ्या पडल्या. रॅम्पचा विषय माणुसकीच्या कारणास्तव तहकूब झाला.

आता खांदा देण्याचा अनुभव गावात चौघांनाच. शिमग्यात देवीची पालखी नाचवणारे महादू आणि मंडळी. त्यांनी खुर्चीला दोन बांबू बांधले आणि सकाळी नऊलाच दीपेशला दारातून उचललं. अडचण एवढीच, की बांबू खांद्यावर आला की त्यांचे पाय सरळ पडत नाहीत. पालखी नाचायला लागली. नाचायला लागली म्हणून ढोल आला. ढोल ऐकून बाया आरतीची ताटं घेऊन दारात उभ्या राहिल्या. आणि दारासमोर पालखी थांबली नाही, तर त्या घराचा अपमान नाही का?

"महादूदादा, धा वाजत आले रे!" दीपेश वरून ओरडला.

"देव कधी घाई करतो काय? गप बस, हलू नको."

दीपेश दुपारी बाराला पोचला. कपाळभर कुंकू, मांडीवर नारळ. हे रोजचंच झालं. शेवटी पंचायतीनं त्याला नोटीस काढली: परीक्षेच्या शेवटच्या दिवशीही उशीर झाला तर नोकरी गेली समजा. (नोटीस घ्यायलाही तो उशिराच पोचला.)

पुढं महाडहून एक साहेब तपासणीला आले. "रॅम्प कुठंय?" असं विचारणार, तोच ढोल वाजवत पालखी आली. साहेबांनी बूट काढून हात जोडले. दीपेशच्या नाकात गुलाल गेला होता, डोकं फिरलं होतं. तो जीव तोडून ओरडला, "मला रॅम्प पायजे! रॅम्प!"

ढोल थांबला. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सुंदराबाई थरथरल्या. "अगो बाय, कौल दिलान! देवीनं रॅम्प मागितलान!"

कायद्याला जे जमलं नव्हतं ते देवीला आठवड्यात जमलं. श्रमदानातून रॅम्प उभा राहिला, कठड्यासकट, उतार अगदी नियमात. बघून दीपेशला भरून आलं. पण देवीचा रॅम्प म्हटल्यावर त्यावर चपला चालणार नाहीत, हे ओघानं आलंच. आणि गावभर फिरलेली चाकं म्हणजे चपला नाहीत तर काय? तेव्हा दीपेश रॅम्पवरूनच जायला लागला, पण खांद्यावर बसून.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी चौघेही महाडला लग्नाला गेले. दीपेश दारात वाट बघत बसला. घड्याळ पुढं सरकत होतं. शेवटी त्यानं इकडंतिकडं पाहिलं, चाकांना हात घातला आणि सुटला. ढोल नाही, आरती नाही. एकटा रॅम्प चढला आणि दहाला पाच कमी असताना अंगठा लावला. एवढा आनंद त्याला जन्मात झाला नव्हता. रिकाम्या कार्यालयात तो मोठमोठ्यानं हसला.

गावात हाहाकार उडाला. "पोराला एकटं टाकलंत? लाज नाय वाटली?" तातडीच्या सभेत खांदेकऱ्यांना सक्त ताकीद मिळाली. दीपेशची नोकरी कायम झाली, त्याची जाहीर माफी मागण्यात आली आणि असा प्रसंग पुन्हा ओढवू नये म्हणून रॅम्पला फाटक लावून किल्ली महादूकडे दिली. दीपेशनं बोलायला हात वर केला. लोकांना वाटलं आशीर्वाद देतोय. सगळ्यांनी माना लववल्या.

सध्या राखीव खांदेकऱ्यांची भरती चालू आहे. अट एकच: उमेदवाराला दीपेशची मनापासून कीव आली पाहिजे. तुम्हाला हे वाचताना आलीच असेल. मग या की, बांबूला एक खांदा कमी पडतोय. येताना दीपेशला विचारत बसू नका. तसं अजून कुणी विचारलेलं नाही.